लोणच्यावरचा दगड

आधीच सांगून टाकते... अशा गोष्टी सांगणाऱ्यांची मी कॉलेजात असताना यथेच्छ टिंगल केलेली आहे. होस्टेलवर कुणी "आमच्या मामांना एकदा..." असं सुरू केलं की मी मुद्दाम उठून ट्यूबलाइट लावायचे. घरचं वळणच तसं होतं. बाबा इरिगेशन खात्यात इंजिनिअर. घरात देव होते, पण ते आईचे. बाबा म्हणायचे, "जे मोजता येत नाही ते मला सांगत जाऊ नका." मीही तेच म्हणत मोठी झाले.

त्यामुळे इथे लिहायला बसले तेव्हा तीनदा लॅपटॉप बंद केला. नितीनला, माझ्या नवऱ्यालाही, यातला शेवटचा भाग माहीत नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. टोकियोला लागून, तोझाई लाइनवर एक उपनगर आहे. स्टेशनचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आम्ही अजून तिथेच राहतो. माझं ऑफिस टोकियोतल्या कोतो भागात, ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं. नितीन तेव्हा ओसाकाला पोस्टिंगवर होता, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. घरी मी आणि ईरा. ती तेव्हा नऊ वर्षांची, जन्मापासून इथलीच. मी मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं, असा आमचा कारभार. पण आजोबांशी मात्र ती अडखळत का होईना, मराठीच बोलायची.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले. एप्रिलमध्ये, तीन महिन्यांच्या व्हिसावर. वय बहात्तर. बीपीची एक गोळी सोडली तर एकदम ठणठणीत. सकाळी नदीच्या बांधावर दोन तास चालायचे आणि परत येऊन जपान्यांच्या बांधकामाला मार्क द्यायचे. "काठाचं दगडी पिचिंग उत्तम आहे. पण अमुक ठिकाणी पाणी मुरतंय बघ." दुपारी जेवण झालं की दोन ते चार झोप. तातामीच्या, म्हणजे जपानी चटयांच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीखाली त्यांची गादी घातलेली असायची. नोकरीत कधी दुपारची झोप मिळाली नाही म्हणून रिटायर झाल्यापासून ती त्यांनी कधी चुकवली नव्हती.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर ओनो-सान नावाच्या आजी राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. मे महिन्यात त्या वृद्धाश्रमात जाणार होत्या, म्हणून त्यांची आवराआवर चालली होती. एका शनिवारी आम्ही तिघं खाली गेलो तर त्या व्हरांड्यात एका दगडाकडे बघत बसल्या होत्या. इथे कचऱ्याचे वार ठरलेले असतात... जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे. दगड मात्र यातल्या कशातच बसत नाही. नगरपालिका दगड नेतच नाही.

साधारण हातभर लांब, काळा, पाच बाजूंचा दगड. त्या मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर वजन म्हणून ठेवायच्या तो.

बाबा तर उकिडवेच बसले त्याच्यापुढे.

"अगं मेधा, हा आपला काळा पत्थर! स्तंभाकार बेसाल्ट. बाजू बघ कशा सरळ आहेत... कुणी घडवलेला नाही हां, लाव्हा थंड होताना आपोआप असा तडकतो. आपल्याकडे कोल्हापूरकडे आहेत असे. विचार त्यांना, कुठला आहे?"

ईराने विचारलं. ओनो-सान म्हणाल्या, सासऱ्यांनी आणला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दक्षिणेकडची बेटं जपानच्या ताब्यात होती, तेव्हा ते तिथे नोकरीला होते. तिथे समुद्रात दगडांचं एक जुनं शहर आहे, तिथला हा.

"मला द्याल का?" बाबांनी थेट हातवारे करूनच विचारलं.

ओनो-सान त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नेता? खरंच नेता?" आणि कमरेत पार खाली वाकल्या. एका दगडासाठी जरा जास्तच, असं मला वाटलं. पण म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची अडचण सुटली, म्हणून असेल.

बाबांनी तो खिडकीपाशी, उशाशी ठेवला. त्यावर चष्मा ठेवायचे.

दोन-तीन दिवसांनी ते झोपून उठले आणि चहा घेताना म्हणाले, "मेधा, काय सुंदर स्वप्न पडलं गं!"

समुद्रात छोटी छोटी बेटं. नैसर्गिक नाहीत, केलेली. उथळ पाण्यात दगडांची चौकट रचायची, आत प्रवाळाचा चुरा भरायचा, की झालं बेट. आणि दोन बेटांच्या मधे जे पाणी राहतं तोच कालवा. अशी शेजारी शेजारी कितीतरी. भिंती दोन-दोन पुरुष उंच. एक थर आडवा, एक थर उभा, लाकडं रचतात तसे दगड रचलेले. चुना नाही, माती नाही, काही नाही. भरतीला कालव्यांत पाणी चढतं, तेव्हा तराफ्यावरून दगड आणतात. ओहोटीला तराफे चिखलात बसतात.

ईराच्या शाळेच्या जुन्या नोटिशीमागे त्यांनी भिंतीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढून दाखवला. मापांसकट. चाळीस वर्षं कालवे बांधलेला माणूस, त्याला स्वप्नसुद्धा कालव्याचंच पडणार, असं म्हणून आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी पुढचं स्वप्न. तिसऱ्या दिवशी त्याच्याही पुढचं.

मी फोनवर शोधलं. दक्षिणेकडची बेटं, दगडी शहर, कालवे... पहिलाच फोटो आला. नान मदोल. प्रशांत महासागरातल्या एका बेटाच्या कडेला असलेलं प्राचीन शहर. भिंती अगदी बाबांनी काढल्या होत्या तशाच. आडवा थर, उभा थर. अंगावर काटा आला असं मी म्हणणार नाही. मला वाटलं त्यांनी कुठेतरी वाचलं असेल, टीव्हीवर पाहिलं असेल. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे पडलंय," ते म्हणाले. "झाडं उगवलीयत. मी बघतो ते अजून बांधतायत."

त्याच आठवड्यात त्यांच्या तळव्यांवर फोड दिसले.

म्हटलं, काठी घेऊन चालता म्हणून असेल. मग डाव्या खांद्यावर वळ दिसला, जानव्याच्या बरोबर खाली, बोटभर रुंद. दोरखंडाने सोलवटतं तसा. मग पावलांना खालून बारीक बारीक काप. मी घाबरून विचारलं, "बाबा, तुम्ही कुठे पडलात का? खरं सांगा."

त्यांनी शर्ट खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाले, "आधी नुसतं बघायचो. आता ओढायला लावतात."

"कोण?"

"माहीत नाही. तोंडाकडे बघायचं नसतं त्यांच्या."

मला काय वाटलं असेल? डिमेन्शिया. झोपेत चालत असतील, बाहेर जात असतील, कुठेतरी स्वतःला जखमा करून घेत असतील. मी आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करायचे. एका दुपारी मी खोलीत फोन लावून रेकॉर्डिंग केलं. दोन तासांचं ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. बाबा पाठीवर झोपलेत, पांघरूण छातीपर्यंत. कूससुद्धा बदलत नाहीत. फक्त श्वास... आधी संथ, मग जोराचा, जिना चढणाऱ्या माणसासारखा. चारला डोळे उघडले आणि हात पांघरुणाबाहेर काढले. तळव्यांतून रक्त येत होतं. चादर ओली होती, आणि तिला समुद्राचा, कुजक्या शेवाळाचा वास होता. चार वेळा धुतल्यावरही तो गेला नाही.

दगड मी त्याच संध्याकाळी बाल्कनीत नेऊन ठेवला. विश्वास होता म्हणून नाही. काहीतरी करायला हवं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी बाबा उठले ते पाठ धरूनच. पाठीवर चार उभे वळ.

"उशिरा पोचलो," ते म्हणाले. "उद्या आत आण तो. लांब पडतं."

मी आत आणला. हे लिहिताना मला लाज वाटतेय, पण मी आणला.

झोपू नका म्हणून मी त्यांना गाणी लावून दिली, पत्ते खेळायला बसवलं, चालायला नेलं. एकदा स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. दहाच मिनिटं. तेवढ्यात उजव्या गुडघ्याला खोक पडली.

त्या दिवसांत त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती. ते नवीन नवीन ज्युनिअर इंजिनिअर होते तेव्हा दुष्काळी भागात रोजगार हमीच्या कालव्यावर होते. बायका खडी फोडायच्या. "पाणी प्यायला सोडा म्हणायच्या. मी घड्याळ बघायचो. वेळ झाली नसेल तर नाही म्हणायचो. एक जण उन्हात पडली, तिला सावलीत ठेवलं आणि तिची पाटी दुसरीला दिली. संध्याकाळी गेली ती. मी रिपोर्टात ऊन लागून असं लिहिलं. खोटं काही लिहिलं नाही." मग म्हणाले, "काल तिथे एक जण थकून खाली बसला. त्याला उठवलं नाही, मेधा. त्याच्यावरच पुढचा थर टाकला. मी बघत होतो. हाताशी दगड होता तो पुढे दिला."

मी त्यांना म्हणाले, बाबा, ते स्वप्न आहे. ते म्हणाले, "हो."

जूनमध्ये पावलांच्या जखमा चिघळल्या, ताप भरला. क्लिनिकमध्ये नेलं. ईराची शाळा सुटली होती म्हणून ती बरोबर होती. तिला घरी एकटं कुठे ठेवणार? डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी बाबांचा शर्ट काढायला लावला. मग नर्सला बोलावलं. माझ्याकडे न बघता जखमांचे फोटो काढले.

माझं जपानी कामचलाऊ. मी सांगायला लागले, झोपेत होतं, वगैरे. बाबा तापात मराठीत पुटपुटत होते. डॉक्टर ईरासमोर गुडघ्यावर बसले आणि हळूच विचारलं, "आजोबा काय म्हणतायत?"

ईराला वाटलं, आपण आजोबांना मदत करतोय. तिने नीट, शाळेत उत्तर देतात तसं सांगितलं. "आजोबा म्हणतात, त्यांना दगड उचलायला लावतात. हळू केलं की मारतात."

"कोण मारतं?"

ईरा बाबांकडे वळली. "आजोबा, कोण मारतं? कुठे?"

बाबांनी डोळे उघडले. नातीला घाबरवायचं नाही एवढंच त्यांच्या डोक्यात असणार. "काही नाही गं बाळा... घरीच. दुपारी झोपलो की."

आणि माझ्या मुलीने ते शब्दशः डॉक्टरांना सांगितलं. घरीच. दुपारी.

मी "ईरा, नको" असं ओरडले. तेही त्यांनी लिहून घेतलं.

बाबांना मोठ्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या समाजकल्याण विभागाच्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी मला कधीही आरोपी म्हटलं नाही. इतकंच सांगितलं की चौकशी होईपर्यंत वडिलांना एकटीने भेटू नका, कुणीतरी हजर असेल. मी रडत विनवलं, "प्लीज, दुपारी दोन ते चार त्यांना झोपू देऊ नका. काहीही करा, जागं ठेवा." त्यांनी वर पाहिलं. "घरी तुम्ही त्यांना झोपू देत नव्हता का?" मी हो म्हणाले. खरंच होतं ते. त्यांनी तेही लिहिलं.

ऑफिसात कळायला वेळ लागला नाही, कारण चौकशीला हजर राहण्यासाठी मला सुट्ट्या मागाव्या लागल्या. माझे सीनिअर मोरिता-सान. कुणाशी कधी आवाज चढवून न बोलणारे. त्यांनी मला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं, दार लावलं, आणि हसून विचारलं, "फक्त समजून घेण्यासाठी विचारतो हं. तुमच्या देशात म्हाताऱ्या आईवडिलांवर हात उचलणं... नॉर्मल आहे का?" मी शब्द जुळवायला लागले. त्यांनी मान हलवली, जणू उत्तर मिळालं. त्या आठवड्यात मला प्रोजेक्टवरून काढलं. माझ्या शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं दुसरीकडे बसायला लागली.

नितीन ओसाकाहून आला. तो माझ्या बाजूने होता. पण दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून त्याने विचारलं, "मेधा, तुला स्ट्रेस खूप होता का गं?" मी काय ते समजले.

बाबांशी शेवटची भेट समाजकल्याणच्या बाईंसमोर झाली. हॉस्पिटलातही वळ उमटत होते, पण तिथल्या लोकांना वाटत होतं की आधीचेच आता रंग बदलून वर येतायत. बाबांना सगळं कळलं होतं. त्यांनी एका कागदावर थरथरत्या अक्षरात इंग्रजीत लिहून ठेवलं होतं की मी बाथरूममध्ये पडलो, माझ्या मुलीचा यात काही दोष नाही, आणि खाली पूर्ण सही केली होती, सरकारी कागदावर करायचे तशी. बाईंनी तो कागद वाचला, हळुवारपणे घडी केला. मला म्हणाल्या, "आईवडील नेहमी असंच लिहितात."

बाबांनी माझा हात धरला. त्यांचे तळवे आता मजुरासारखे झाले होते, कडक.

"मी त्यांना सांगून बघितलं की मी इंजिनिअर आहे," ते म्हणाले. "हसले."

"बाबा, आज झोपू नका. माझ्यासाठी."

"उद्या कोपरा बसवणार आहेत. फार मोठा दगड आहे गं, तराफा बुडतो की काय वाटत होतं. मला कोपऱ्यापाशी उभं केलंय."

"कशाला?"

त्यांनी खांदे उडवले. मग एकदम विचारलं, "ईरा जेवते ना नीट? तिला सांग, तिने काही चुकीचं सांगितलं नाही."

वेळ संपली असं बाईंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोनला बाबा गेले. कागदावर हृदयक्रिया बंद पडणे असं आहे. डाव्या हाताच्या चिरडलेल्या बोटांबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, पडल्यामुळे झालं असावं. पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे होते.

ड्यूटीवरची नर्स मला जिन्यापाशी भेटली. पंचविशीची असेल. ती म्हणाली, "मी त्यांची नाडी बघत होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. बोटं... माझ्या हातातच चपटी झाली. आवाज आला. मग छाती खाली गेली." मी म्हटलं, तुम्ही हे समाजकल्याणच्या बाईंना सांगाल का? ती कितीतरी वेळा वाकली, माफ करा माफ करा म्हणत. "कोण विश्वास ठेवेल? माझी नोकरी जाईल." तिने नंतर काहीतरी सांगितलं असावं मात्र, कारण चौकशी आठवड्याभरात बंद झाली. समाजकल्याणच्या बाई घरी येऊन वाकून गेल्या. "तुम्हाला त्रास झाला," एवढंच म्हणाल्या. कशामुळे बंद झाली ते विचारलं तर त्यांनी पुन्हा एकदा वाकून बूट घातले.

दहनानंतर इथे हाडं घरच्यांनी वेचायची असतात, चॉपस्टिक्सनी, कलशात. नितीन आणि मी वेचली. ईराला नेलं नव्हतं. पुण्याला जाताना तो पांढरा डबा विमानात माझ्या मांडीवर होता.

परत आल्यावर मी वृद्धाश्रमात ओनो-सानना भेटायला गेले. त्या खिडकीत बसून संत्रं सोलत होत्या. मी बाबांचं सांगितलं. त्यांनी संत्रं खाली ठेवलं.

"माझ्या नवऱ्याचा खांदा अकरा वर्षं दुखत होता," त्या म्हणाल्या. "तो सुतार होता, ओझ्याची सवय होती. मग मी तो दगड स्वयंपाकघरात नेला, लोणच्यावर. स्वयंपाकघरात कुणी झोपत नाही."

"तुम्हाला माहीत होतं."

"माहीत म्हणजे... त्याचं तसं व्हायचं, एवढं."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

त्यांनी जरा विचार केला. मला वाटलं रडतील, माफी मागतील. त्या साधेपणाने म्हणाल्या, "तुमचे वडील इतके खूश झाले होते. आणि मला महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं होतं." मग अर्धं संत्रं माझ्यापुढे केलं.

मी ते खाल्लं. का, माहीत नाही.

आता तो भाग, जो नितीनला माहीत नाही.

बाबांनंतर मी ऑफिसात परत गेले त्या दिवशी मोरिता-सान माझ्या टेबलाशी आले. सांत्वनाचे ठरलेले शब्द बोलले, आणि जाता जाता म्हणाले, "चला, म्हणजे तो प्रश्न मिटला." त्यांना चौकशीबद्दल म्हणायचं असेल. असेलही. पण मला त्या क्षणी हातापायांतून गरम काहीतरी वर चढत गेल्यासारखं वाटलं.

मोरिता-सानना दगड जमवायचा छंद होता. जपानमध्ये तो जुना छंद आहे... सुंदर आकाराचा दगड लाकडी बैठकीवर ठेवायचा आणि बघत बसायचं. त्यांच्या डेस्कवर तसा एक होता. मी त्यांना म्हणाले, माझ्या वडिलांचा एक दगड आहे, खूप जुना, दक्षिणेच्या समुद्रातल्या शहरातला. आम्हाला त्याची कदर नाही. तुम्ही ठेवलात तर वडिलांना बरं वाटेल.

हे वाक्य मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. जपानी चुकू नये म्हणून.

ते अक्षरशः हरखले. रविवारी गाडी घेऊन स्वतः आले. तो दगड बाळासारखा दोन हातांत उचलला. मी विचारलं, "कुठे ठेवणार?" ते म्हणाले, "माझ्या झोपण्याच्या खोलीत. सकाळी उठल्यावर पहिला तोच दिसला पाहिजे." मी म्हणाले, छान. आणि वाकले. ओनो-सान वाकल्या होत्या तेवढीच.

त्यानंतर मोरिता-सानना काही झालं नाही.

काहीच नाही. मी रोज ऑफिसात त्यांचे हात बघायचे. मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, चहाचा कप उचलताना. स्वच्छ, मऊ, कापलेली नखं. खांदा चोळतायत का बघायचे. लंगडतायत का बघायचे. एकदा ते म्हणाले, "काल झोप लागली नाही," तर मी हातातलं काम सोडून त्यांच्याकडे वळले. शेजाऱ्याच्या कुत्र्यामुळे, म्हणाले. पुढच्या वर्षी ते रिटायर झाले. आता डोंगराकडच्या एका गावात राहतात, भाजी लावतात.

मग बाबांना काय झालं? मी हजारदा विचार केलाय. ते त्या दगडामुळे नव्हतंच का? की त्यांच्याच भूतकाळाने त्यांना नेलं, त्या कालव्यावरच्या बाईचं काहीतरी राहिलं होतं म्हणून? की ओनो-सान म्हणतात तो खांदा साधा सुताराचा खांदा होता? की मीच काहीतरी... नितीन जे विचारू शकला नाही ते? रेकॉर्डिंग आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. बाकी एकाचंही नाही. इथे कुणाला असं काही माहीत असेल तर सांगा. फक्त कृपा करून शांती, पूजा, नारायण नागबळी सुचवू नका, बाबांना आवडलं नसतं.

ईरा आता तेरा वर्षांची आहे. त्या क्लिनिकच्या दिवसापासून ती मराठी बोलत नाही. समजतं तिला सगळं. बाबांचा निरोप मी तिला दिला, की तू चुकीचं काही सांगितलं नाहीस. ती जपानीत "हाय", म्हणजे "बरं", म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली.

मोरिता-सान मात्र मला दर नवीन वर्षाला न चुकता कार्ड पाठवतात. त्यावर त्यांचा फोटो असतो, खोलीतल्या त्या दगडाशेजारी बसलेला, कारण त्यांना वाटतं मला वडिलांची आठवण म्हणून तो बघायचा असेल. खाली हाताने लिहिलेलं असतं की तुमच्या वडिलांच्या कृपेने माझी तब्येत उत्तम आहे. मी कार्ड खिडकीपाशी नेते, फोनने त्याचा फोटो काढते, आणि दोन बोटांनी मोठा करून त्यांचे तळवे बघते. दरवर्षी ते स्वच्छ असतात.

आणि दरवर्षी माझी निराशा होते.